अल्पवयीन, किशोर आणि एक शिंगरू

प्रश्न असा आलाय की बातमीत गुन्हा असला की 'अल्पवयीन' म्हणतात, मग 'किशोरवयीन' आणि 'पौगंड' हे काय वेगळे, आणि बरोबर शब्द कुठला.

बरं झालं विचारलंत, रोज संध्याकाळी हा शब्द कानावर आदळतो आणि माझं डोकं फिरतं. अल्पवयीन म्हणजे १८ पूर्ण न झालेला, बास, त्यात कोडं काही नाही, पाळण्यातलं तान्हं पण अल्पवयीनच. पण चॅनेलवाल्यांनी तो गुन्ह्याला चिकटवूनच टाकलाय. एप्रिल २०२४ मध्ये गुकेशने टोरांटोला बुद्धिबळाची कँडिडेट्स स्पर्धा जिंकली तेव्हा तो १७ चा होता, 'अल्पवयीनाची बाजी' अशी पट्टी पाहिलीत कुठे? तिथे 'अवघ्या सतराव्या वर्षी'. पुढच्याच महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोघं गेले, ज्याच्यावर आरोप झाला तोही १७ चाच, तो मात्र अल्पवयीन. आणि वर 'बिल्डरपुत्र'. पुत्र बरं का! वस्तीतला पोरगा कोयता घेऊन सापडला तर तो कुणाचाच पुत्र नसतो, तो थेट 'टोळकं' होतो. टोळी स्त्रीलिंगी, तिला नपुंसकलिंगात ढकललं की झालं टोळकं, मराठीत अपमान करायची ही जुनी सोय आहे, कारटं म्हणा, पोरगं म्हणा.

कायद्याला हे नको होतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातल्या, गुन्ह्याचा आरोप असलेल्या बालकाला पोलिसांच्या मराठीत 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात, अँकरची जीभ तिथे वळत नाही हे मान्य. त्याच कायद्याचं कलम ७४ मुलाचं नाव, शाळा, फोटो द्यायला मनाई करतं. मग नाव गेल्यावर हाताशी उरतं काय तर विशेषण, सगळा राग त्यात ओततात.

आपला जुना शब्द खरं तर 'अज्ञान'. सज्ञान अजून बोलतो ना आपण, त्याचा उलटा. सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' म्हणजे 'अज्ञान पालनकर्ता' असा शेरा बघितला असेल, त्यातला अ हाच. आज कोणाला अज्ञान म्हटलं तर भांडण होईल.

असो. मजा आहे ती 'किशोर'मध्ये. हा मुळात माणसाचा शब्दच नाही! किशोर म्हणजे घोड्याचं पिल्लू, शिंगरू. अमरकोश हा संस्कृतचा जुना शब्दकोश उघडा, क्षत्रियवर्गात घोड्यांच्या यादीत बसलाय, 'बालः किशोरः', लगेच पुढे घोडीची नावं. माणसाच्या वयाचे बाल, माणवक, तरुण, युवा हे शब्द पार वेगळ्या वर्गात. (आमच्या बिल्डिंगमधल्या किशोरकाकांना हे सांगितलं, सत्तरी उलटलेले, जाम खूश झाले.) त्याच्याही मागे जा, अथर्ववेदाच्या बाराव्या कांडात एक ओळ आहे, 'ततः किशोरा म्रियन्ते'. प्रसंग असा की कुणीतरी स्वतःच्या उपयोगासाठी गायीचे केस कापतो आणि त्यापायी शिंगरं मरतात, वासरं लांडगा नेतो. आता आपली म्हण आठवा, शिंगरू मेलं हेलपाट्यानं! ओझं घोडीच्या पाठीवर, खेपा मालकाच्या, शिंगरू नुसतं आईमागे पळून पळून मेलं. माझं तर ठाम मत आहे की ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, करणारा भलताच आणि जीव जातो तो शिंगराचा. पुरावा मागू नका, दोन्ही ठिकाणी शिंगरूच का मरतं ते मला सांगा आधी. पोराच्या हातात गाडीची किल्ली कोणी दिली, कोयता कोणी विकला, ही बातमी आठव्या मिनिटाला येते आणि पोरगा पहिल्या सेकंदाला.

व्याकरणवाले इथे काही कामाचे नाहीत. शब्द कसे बनले ते सांगणाऱ्या संस्कृत उणादिसूत्रात 'किशोरादयश्च' एवढंच, म्हणजे 'किशोर वगैरे पण घ्या', ह्याला व्युत्पत्ती म्हणतात? हा तर हात झटकणं झालं. आणि किशोर हिंदीतून आलाय म्हणून मराठीत वापरू नये असं सांगणारे शुद्धीवाले असतात त्यांना एकदा अमरकोश दाखवावा, हिंदीचा जन्म व्हायच्या आधीचा आहे तो.

हेच लोक म्हणतात 'पौगंड' लिहा, तो अस्सल. अहो, जुन्या हिशोबात पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरा-सोळापर्यंत कैशोर. भागवतात कृष्ण पौगंड वयात आला तेव्हा वासरांवरून बढती होऊन गायी राखायला लागला, एवढंच वय. त्यामुळे 'पौगंडावस्थेतील वाढती गुन्हेगारी' असा मथळा ज्याने दिलाय त्याने तिसरी-चौथीच्या वर्गाविरुद्ध तक्रार केलीय.