घोडा विकत घेण्यापूर्वी कोणकोणती माहिती करून घ्यावी?

घोडा साधारणपणे 25 ते 30 वर्षे जगतो, त्यामुळे घाई न करता विक्रीचे खरे कारण, त्याचे वय, पूर्वीचे आजार आणि आजवर त्याच्याकडून कोणते काम घेतले गेले, हे मालकाला आधी स्पष्ट विचारावे. दातांवरून वयाचा अंदाज येतो. मात्र उतारवयात तो ढोबळच असतो.

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ पाय आणि खूर पाहण्यात घालवावा. कठीण, सपाट जमिनीवर त्याला सैल दोरीने दुडक्या चालीने पळवायला सांगावे. पुढचा पाय दुखत असेल, तर तो पाय टेकताना घोडा मान वर उचलतो. चारही खुरांवर तळहात ठेवून एखादा खूर इतरांपेक्षा गरम लागतो का, तेही पाहावे. खोगीर चढवताना तो कान मागे पाडून अंग चोरत असेल, तर पाठ दुखत असण्याची शक्यता असते (मुक्या जनावराला याहून वेगळे सांगता येत नाही), म्हणून खोगीर आपल्यासमोरच चढवायला लावावे.

विक्रेत्याशी संबंध नसलेल्या पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी आणि वेदनाशामक देऊन लंगडणे लपवलेले नाही ना, यासाठी रक्तचाचणीही करावी. पैसे त्यानंतरच द्यावेत.