कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज

प्रश्न असा आहे : मिरज तालुक्यात कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज अशी दोन गावं आहेत. यातल्या ‘कसबे’चा ‘कसब’शी संबंध आहे का? आणि पत्त्यात हे शब्द गाळले तर चालतात का?

संबंध नाही. दोन्ही शब्द मूळचे अरबी, पण धातू वेगळे. अरबीत दोघांचा ‘क’सुद्धा निराळा आहे, मराठीत तो फरक पुसला गेला आणि शब्द जुळे वाटू लागले. कसबा म्हणजे बाजारपेठेचं, आसपासच्या खेड्यांचं मुख्य गाव. मौजे म्हणजे पेठ नसलेलं, निव्वळ शेतीवरचं गाव. पुढं पेठ उठो वा वसो, नाव तेच राहतं.

गाळण्याबद्दल मात्र जपून. दस्तात ‘मौजे’ कुठल्याही गावाआधी लिहायची रीत आहे : ‘मौजे अमुक, ता. तासगाव, जि. सांगली’. तिथं तो शब्द गेला तरी गाव तेच. डिग्रजला तो नावाचाच भाग आहे. प्रत्येक महसुली गावाचे गट क्रमांक १ पासून सुरू होतात, त्यामुळे एकच क्रमांक दोन्ही डिग्रजांत सापडू शकतो. नुसतं ‘डिग्रज, गट नं. अमुक’ लिहिलंत, तर भलत्याच रानाचा सातबारा हातात येईल.

माण तालुक्यातल्या गोंदवले बुद्रुक आणि गोंदवले खुर्द यांचंही तसंच. हे शब्द फारसी : बुजुर्गचं बुद्रुक झालं, म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. ‘बु॥’ मधल्या दोन उभ्या रेघा संक्षेपाची खूण आहेत, दंड नव्हेत, टंकताना ‘बु.’ केलं तरी बिघडत नाही. जागा मात्र पाळावी : कसबे, मौजे नावाआधी; बुद्रुक, खुर्द नावानंतर. ‘तर्फ’ म्हणजे काही गावांचा जुना महसुली विभाग; तो शब्द दोन नावांच्या मधे येतो, जसं करंजे तर्फ सातारा.

वाडीचं एका नियमात बसत नाही. काही वाड्या स्वतंत्र महसुली गाव आहेत, काही मूळ गावाच्या शिवेतच मोडतात. सातबाऱ्यावर ‘गाव’ म्हणून काय छापलंय ते पाहावं. मळा आणि वस्ती म्हणजे गावठाण सोडून रानात बांधलेली घरं, बहुधा आडनावानं ओळखली जाणारी. त्यांचा पत्ता लिहिताना आधी मळ्याचं नाव, मग महसुली गावाचं पूर्ण नाव, मग तालुका.