पडदा निर्दोष दिसत असतानाही मधुमेहाचा परिणाम होतो का?

प्रश्न : मला मधुमेह होऊन आठ वर्षे झाली. नुकतीच थेंब घालून डोळ्यांची तपासणी झाली, तेव्हा पडदा चांगला असल्याचे डॉक्टरांनी सांगितले; चष्म्याचा नंबरही बदललेला नाही. तरीही मंद उजेडात फिकट छपाई वाचणे जड जाते. याचा मधुमेहाशी संबंध असेल का?

उत्तर : असू शकेल. तपासणीत केशवाहिन्यांचे फुगवटे, रक्ताचे ठिपके किंवा सूज आढळली नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र दृष्टिपटलातील, म्हणजेच डोळ्याच्या पडद्यातील, बिघाड त्याआधीच सुरू झालेला असू शकतो. दृष्टिपटलाला प्राणवायू फार लागतो, आणि तेथील चेतापेशी, त्यांना आधार देणाऱ्या म्यूलर पेशी व केशवाहिन्या सतत एकमेकींच्या तंत्राने चालतात. एरवी लुकलुकता प्रकाश पडला की तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वाढलेली गरज भागवतात. मधुमेहात हा प्रतिसाद, पडदा वरकरणी निर्दोष असतानाही, क्षीण झालेला आढळतो. केशवाहिन्यांना बिलगलेल्या पेरिसाइट पेशी कमी होऊ लागतात. पडद्याच्या थरांचे चित्र दाखवणाऱ्या ओसीटी तपासणीत काही रुग्णांच्या चेतापेशींचा थर पातळ झालेला दिसतो, तर ईआरजी तपासणीत प्रकाशाला मिळणारा विद्युत प्रतिसाद काही मिलिसेकंद उशिरा येतो.

नेहमीच्या तक्त्यावरील ठळक काळी अक्षरे वाचता आली, तरी करड्या पार्श्वभूमीवरचे करडे अक्षर ओळखणे, निळ्या-पिवळ्या छटांतील फरक जाणणे आणि अंधाराला सरावणे या क्षमता आधी घटू शकतात. म्हणून तुमची तक्रार वयावर ढकलून देऊ नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. अर्थात, मोतीबिंदूच्या सुरुवातीलाही असाच त्रास होतो. तेव्हा नेत्रतज्ज्ञांना ही अडचण नेमक्या शब्दांत सांगावी आणि कॉन्ट्रास्टची (फिकट-गडद फरक ओळखण्याची) चाचणी करता येईल का, ते विचारावे.

या टप्प्यासाठी खात्रीचे औषध किंवा थेंब उपलब्ध नाहीत. भर रक्तशर्करा आणि रक्तदाब आटोक्यात ठेवण्यावरच द्यावा लागतो. टाइप १ मधुमेहाच्या ज्या रुग्णांच्या पडद्यावर सुरुवातीला दोष नव्हता, त्यांच्यात काटेकोर नियंत्रणामुळे रेटिनोपथी (मधुमेहामुळे होणारा पडद्याचा विकार) होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटल्याचे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, मधुमेहाच्या नियंत्रणावरील डीसीसीटी या अभ्यासात दिसले. साखर मात्र स्वतःच्या मनाने झपाट्याने खाली आणू नये. औषधांतील बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत. थेंब घालून होणारी तपासणी दर वर्षी चालू ठेवावी, आणि मधल्या काळात एकाएकी काळे ठिपके तरंगू लागले किंवा नजरेवर छाया आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे.