संकल्प एकच धर

ताई, योगनिद्रेसाठी, म्हणजे आडवं पडून पण जागं राहून घ्यायच्या त्या विश्रांतीसाठी, संकल्प ठरवायची घाई करू नकोस. रंकाळ्यावर पहाटे फिरताना मनात जे पुन्हा पुन्हा येतं, तेच एका छोट्या वाक्यात बसव. ‘मी चिडणार नाही’ नको, ‘मी शांत आहे’ म्हण. नकारात ती चीडच आठवत राहते. स्वामी सत्यानंद सरस्वतींच्या पद्धतीत तो सुरुवातीला आणि शेवटी, तीन-तीनदा, मनातल्या मनात म्हणतात. मी आधी दर आठवड्याला संकल्प बदलायचे, एकही रुजला नाही. पेरलेलं रोज उकरून बघतं का कोणी? किमान काही महिने तोच ठेव. आणि हो, तांबडा-पांढरा जेवून लगेच आडवी होऊ नकोस, गाढ झोपच लागते. तुझा संकल्प मलासुद्धा सांगू नकोस.