‘विमान टिपलं’ म्हणजे पाडलं की चित्रित केलं?

प्रश्न: अंधेरीतल्या एका स्टुडिओसाठी दुसऱ्या महायुद्धावरच्या माहितीपटाचं मराठी निवेदन लिहिणाऱ्या वाचकाने विचारलंय: ‘गन कॅमेरा’ला, म्हणजे लढाऊ विमानाच्या माऱ्याचं चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याला, ‘बंदूक-कॅमेरा’ म्हणावं का? आणि ‘स्पिटफायरच्या कॅमेऱ्याने शत्रूचं विमान टिपलं’ हे वाक्य चालेल का? (स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान.)

उत्तर: ‘गन कॅमेरा’च ठेवा. ‘बंदूक-कॅमेरा’ म्हटलं की बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा डोळ्यांपुढे येतो. तसा एक होताही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नेमबाजांच्या सरावासाठी हाइथ कॅमेरा असे. दिसायला लुइस मशीनगनसारखा. घोडा ओढला की गोळीऐवजी फोटो निघे. स्पिटफायरचा कॅमेरा मात्र डाव्या पंखाच्या मुळाशी, पुढच्या कडेत बसवलेला. वैमानिक गोळीबाराचं बटण दाबून धरी तोवर 16 मिमी फिल्मवर चित्रण चाले. म्हणून तिथे ‘घोडा ओढला’ही नको, ‘बटण दाबलं’ लिहा.

खरी अडचण ‘टिपणे’ची आहे. शिकारी सावज टिपतो, छायाचित्रकार क्षण टिपतो. दोन्ही अर्थ रूढ आहेत, पण इथे ते एकमेकांवर आदळतात, कारण गोळ्या लागल्या की नुसताच नेम धरला होता हे ठरवायलाच ती फिल्म तपासली जाई. (मुंबईच्या स्टुडिओंत रोजचं असलेलं ‘शूट केलं’ही याच कारणाने टाळा.)

फिल्मवरून अंतरही काढत. मेसरश्मिट 109 या जर्मन लढाऊ विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे 9.9 मीटर. भिंगाचं नाभीय अंतर 35 मिमी असेल आणि विमान नेमकं मागून दिसत असेल, तर फिल्मवर पंख 1 मिमी भरले की अंतर साधारण 350 मीटर. 2 मिमी भरले की त्याच्या निम्मं. फार लांबून मारा केल्याचं यातून उघड होई. विमानातल्या तोफांच्या हादऱ्यांनी चित्र थरथरे, आणि कॅमेऱ्याचा नेम वैमानिकाच्या नेम धरायच्या साइटशी जुळवलेला नसेल तर लक्ष्य फ्रेमच्या कडेला जाई. तेव्हा चित्रात दिसत नसताना ‘गोळ्या लागताना स्पष्ट दिसतंय’ असं निवेदनात घालू नका.

विमान फक्त फिल्मवर आलं असेल तर ‘गन कॅमेऱ्यात चित्रित झालं’ पुरे. पुढचा निकाल ब्रिटिश हवाई दलाच्या तीन वर्गांप्रमाणे लिहा: ‘पाडलं’, ‘बहुधा पाडलं’, ‘नुकसान केलं’. मूळ निवेदनात मधला वर्ग असेल तर ‘बहुधा’ गाळू नका.