1 लाखात पोलो जीटीला पहिले काय करावं: रिमॅप, एक्झॉस्ट की टायर?

तुम्ही विचारलं की 2016 ची फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय सेकंडहँड घेतली, गाव मूर्तिजापूर तालुक्यात, रोज अमरावतीला जाणं-येणं, हातात 1 लाख आहेत, तर स्टेज 1 रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून पॉवर वाढवणं), ओपन फिल्टर (डब्याबाहेरचा उघडा एअर फिल्टर), एक्झॉस्ट (सायलेन्सर) अन् 17 इंची अलॉय चाकं यातलं पहिले काय करू. भाऊ, मी दर्यापूरकडचा, तुमच्याच पट्ट्यातला, म्हणून सांगतो, यातलं सध्या काहीच करू नका, पहिले टायर पहा.

टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे राहतात. 2318 असेल तर तो टायर 2018 च्या 23 व्या आठवड्यात बनला. मी माझी हॅचबॅक घेतली तेव्हा टायरची नक्षी चांगली उभी होती, विकणारा पण तेच दाखवून राहिला होता, पण खाचेत नख घालून रबर थोडं ताणलं तर आत केसासारख्या बारीक चिरा, सगळ्या गोलाईत. असा टायर मे महिन्यात 45 डिग्रीत तापलेल्या डांबरावर 120 ने पळवायचा का? आधी चार नवीन चांगले टायर घ्या. कंपनीचा साइज 185/60 आर 15 आहे (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यात, शेवटी रिमचे इंच), फार तर 195/55 आर 15 करा, उंचीत एखाद टक्क्याचाच फरक पडतो. 17 इंचाचं मनातून काढा, 205/40 मध्ये साइडवॉल, म्हणजे टायरची रबराची बाजू, उरते 82 मिलिमीटर, कंपनीच्या साइजमध्ये ती 111 आहे. तुमचा हायवे मस्तच आहे, 2022 मध्ये लोणी ते माना 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड केला तोच, पण त्याच्यावरून उतरून गावाकडं वळलं की काळ्या मातीचा रस्ता सुरू. ती माती पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते, त्यानं डांबराच्या लाटा होतात, अन् तिथं लो प्रोफाइल टायर एका खड्ड्यात कापल्या जाते, रिम वाकते ते वेगळं.

मग ब्रेक. हे मी चिखलदऱ्याच्या घाटात शिकलो. गाडी रिमॅप केली होती, चढताना लय मजा आली, उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर पेडल नरम झालं, पायाखाली खाली बसून राहिलं, बायको अन् पोरगी गाडीत. सेकंड गिअर टाकून हँडब्रेक ओढत कशीबशी कडेला लावली. ब्रेक ऑइल किती वर्षं बदललंच नव्हतं. ते हवेतलं पाणी ओढते. नवीन डॉट 4 किमान 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी पिलेल्याचा तोच आकडा 155 वर येतो, अन् उकळलं की आत वाफ होते, वाफ दबते, पाय दबतो पण गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी बदला, काम हजार-दीड हजाराचं आहे. सोबत पुढचे पॅड चांगले टाका अन् मागचे ड्रम उघडून पाहून घ्या. रात्री तुरीच्या वावरातून रोही (नीलगाय) रस्त्यावर आला तर कामी हेच येते.

तिसरं कूलंट, अन् हे आपल्या खारपाणपट्ट्यासाठी खास सांगतो. आधीच्या मालकानं बोअरचं पाणी टाकलं का ते पहा, काहून की आपल्या बोअरच्या खाऱ्या पाण्यानं रेडिएटर आतून खपली धरते अन् कुजते. टाकीचं झाकण गाडी थंड असताना उघडा, गढूळ किंवा तांबूस दिसलं तर सगळं फ्लश करून कंपनीनं सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड वॉटरसोबत भरा. टर्बो गाडीत हे टाळायचंच नाही.

ओपन फिल्टर घेऊ नका भाऊ. 45 डिग्रीची हवा 20 डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण 8 टक्के विरळ राहते, त्यात तो फिल्टर बोनेटखालची त्याहून तापलेली हवा ओढते, वरून आपल्याकडची धूळ. कंपनीच्याच डब्यात नवीन पेपर फिल्टर टाका अन् लवकर लवकर बदला.

रिमॅपला मी नाही म्हणत नाही, मला पण आवडते, पण वरचं सगळं झाल्यावर अन् एक उन्हाळा गाडी विनातक्रार चालल्यावर करा. तुमच्या इंजिनचा टॉर्क 175 न्यूटन मीटर आहे अन् 7 स्पीड ड्राय क्लच डीएसजीची, म्हणजे तुमच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, मर्यादा 250 ची, म्हणून ट्यूनरला (रिमॅप करणाऱ्याला) सांगा की 220 च्या आसपास ठेव, अन् रिमॅपची फाइल तुम्ही रोज भरता त्याच पेट्रोलवर बनव. वाढलेल्या बूस्टला (टर्बोच्या हवेच्या दाबाला) जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागते, ते गावच्या पंपावर मिळालं नाही तर इंजिन नॉक करते (आत ठोके पडतात), ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्पार्कचं टायमिंग मागं घेतो, अन् पैसे देऊन घेतलेली पॉवर दुपारच्या उन्हात गायब. आता डीएसजी सुरुवातीलाच झटके देत असेल तर रिमॅपचं नावच काढू नका, पहिले क्लच अन् मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) तपासून घ्या.

एक्झॉस्टसाठी पैसे वाचवा. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यात न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला 5000 दंड आहे, कैदेची पण तरतूद आहे, अन् इन्शुरन्सवाल्याला न कळवता केलेल्या बदलावरून क्लेम अडकतो. रिमॅप करताना पण त्यांना आधी लेखी कळवा.

टायर, ब्रेक, कूलंट करून माझ्या मते अर्धे पैसे उरतील, त्यातून पहिले चार चांगले शॉकअप टाका, उंची कंपनीचीच ठेवून. उद्या सकाळी उजेडात चारही टायरचे आकडे पाहून मला कळवा, स्टेपनीचा पण.