सिंहाचे पाय आणि चांदण्यांची भीती

गेल्या अंकात मिरजेच्या एका वाचकाने विचारलं होतं की लहानपणी टीव्हीवर अर्धवट बघितलेला एक ब्लॅक अँड व्हाइट इंग्लिश पिक्चर आहे, त्यात एक उतारवयातला माणूस एका मुलीला सांगतो की तू मरणार, आणि त्याआधी फूल चिरडलं जाईल, फुलदाणी फुटेल, शेवटी सिंहाचे पाय दिसतील, तर हा कुठला पिक्चर? जागा नव्हती म्हणून नुसतं नाव छापलं: ‘नाइट हॅज अ थाउजंड आइज’, पॅरामाउंट, १९४८. मग काय, ज्यांनी ज्यांनी शोधून बघितला त्यांचे मेल यायला लागले. त्यातले काही निवडक प्रश्न.

प्रश्न: नाव सांगितलंत, थँक्यू. पण आता स्टोरी पण सांगा ना, शेवट न फोडता. (मिरजेचेच वाचक)

उत्तर: सांगतो. सुरुवात रात्रीच्या रेल्वे यार्डात होते, एक श्रीमंत घरची मुलगी जीव द्यायला निघालीय आणि तिचा होणारा नवरा ऐनवेळी तिला पकडतो. ती घाबरलीय कशाला, तर चांदण्यांना. वर बघायचीसुद्धा हिंमत नाही तिला, तारे आपल्यावर डोळे लावून बसलेत असं वाटतं, आणि पिक्चरचं नाव तिथूनच कळतं. मग जॉन ट्रायटन नावाचा माणूस आपली जुनी कहाणी सांगायला बसतो. हा पूर्वी स्टेजवर मनातलं ओळखण्याचे शो करायचा, सगळी बनवाबनवी, जोडीला जेनी नावाची त्याची होणारी बायको आणि पियानो वाजवणारा दोस्त व्हिटनी. एके दिवशी शो चालू असताना नेहमीचं ठरलेलं बोलता बोलता हा मध्येच थांबतो आणि समोरच्या एका बाईला म्हणतो, बाई, आत्ताच्या आत्ता घरी जा, तुमचं पोरगं संकटात आहे. आणि ते खरं निघतं!

हा सीन एडवर्ड जी. रॉबिन्सनसाठी बघाच. आयुष्यभर गँगस्टर म्हणून गाजलेला माणूस, ‘डबल इंडेम्निटी’मधला तो चाणाक्ष इन्शुरन्सवाला पण हाच. दुसरा कुणी असता तर डोळे मोठे करून आकाशाकडे बघत बसला असता, हा नुसता गोंधळतो. आपल्याच तोंडून हे काय निघालं असं झाल्यासारखा. इतकी वर्षं लोकांना फसवून पोट भरणाऱ्याला पहिल्यांदाच खरं काहीतरी दिसलंय आणि आनंद सोडा, त्याचे हातपाय गार पडलेत.

पुढे त्याला दिसतं की जेनी बाळंतपणात जाणार. म्हणून हा कुणाला काही न सांगता तिला सोडून पळून जातो, की लग्नच झालं नाही तर मूल कुठून होणार. ती त्याच्या दोस्ताशी लग्न करते, आणि बाळंतपणातच जाते. सुरुवातीची मुलगी, जीन, ती हीच, जेनीची लेक. वीस वर्षांनी ट्रायटन लॉस एंजेलिसच्या बंकर हिलमध्ये एकटा राहतोय, जादूच्या खेळांचं सामान पोस्टाने विकून गुजराण करतोय, आणि आता त्याला जीनचं मरण दिसतं. थांबतो इथे.

प्रश्न: पण सर, हे लॉजिकच पटत नाही. भविष्य दिसतंय तर टाळता का येत नाही? मग त्या पॉवरचा उपयोग काय? (डोंबिवलीहून एक वाचक)

उत्तर: काहीच नाही, आणि पिक्चरची सगळी मजा त्याच्यातच आहे हो. अहो, आपण परीक्षिताची गोष्ट ऐकत मोठे झालो ना? सात दिवसांत तक्षक चावणार असा शाप, राजाने पहारे बसवले, वैद्य-मांत्रिक जमवले, कुणाला आत सोडेना, आणि तक्षक आला तो फळातली बारीक अळी होऊन. तिथे कुणी विचारत नाही की लॉजिक काय. ट्रायटनला तर त्याच्याही पुढची शंका छळते, की मला हे घडण्याआधी दिसतं का मला दिसतं म्हणून घडतं? पिक्चर याचं उत्तर देत नाही, आणि नाही दिलं तेच बरं.

दुसरं असं की दिग्दर्शक जॉन फॅरोने खुणा आधीच सांगून टाकल्यात. पायाखाली फूल, अचानक गरम वाऱ्याचा झोत, फुटलेली फुलदाणी, कुणीतरी म्हणणार ‘आता काही धोका नाही’, मग सिंहाचे पाय. त्यामुळे खुनी कोण हे शोधायचं सोडून आपण प्रत्येक खोलीत फुलं कुठे ठेवलीत ते बघत बसतो. बरं, जीनच्या बंगल्यात पोलीस पण आहेत, त्यांना वाटतंय हा म्हातारा पैशासाठी नाटक करतोय, आणि त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही, कारण बाहेरून बघणाऱ्याला तसंच दिसणार ना. मला विचाराल तर मधली वीसेक मिनिटं जीनच्या वडिलांच्या कंपनीच्या भानगडींमध्ये जरा रेंगाळतात, पण ते बंगल्यातले सीन आले की परत पकड बसते.

प्रश्न: तुम्ही असल्या पिक्चरचं कौतुक करता म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणीच नाही का? आधीच बुवा-बाबा कमी आहेत का! (नाशिकहून एक शिक्षिका)

उत्तर: मॅडम, तुमचा राग रास्त आहे. हा पिक्चर शेवटी ट्रायटनच्या बाजूनेच बोलतो, पार शेवटच्या मिनिटापर्यंत, आणि तो जरा जास्तच वकिली करतो असं मलाही वाटतं. म्हणून याच्यावर उतारा म्हणून दुसरा एक पिक्चर सांगतो: याच्याच एक वर्ष आधीचा, १९४७ चा, ‘नाइटमेअर अ‍ॅली’. तोही ब्लॅक अँड व्हाइट, हिरो टायरन पॉवर, जत्रेतल्या तंबूत कामाला लागतो आणि मनकवडा म्हणून नाव कमावतो. यात सगळी पोल खोललीय. साथीदार प्रेक्षकांत फिरून प्रश्न विचारणार आणि त्या प्रश्नाच्या शब्दांतच उत्तर लपवलेलं, अशी ती कोडभाषा.

त्यातला एक सीन तर तुमच्या वर्गात दाखवण्यासारखा आहे. पीट नावाचा दारूने वाया गेलेला जुना कलाकार हातातली बाटली स्फटिकाच्या गोळ्यासारखी धरून हिरोला सांगायला लागतो, मला हिरवी टेकडी दिसतेय, एक मुलगा अनवाणी पळतोय, त्याच्याबरोबर कुत्रा आहे... हिरो एकदम हरखून म्हणतो हो हो, आणि कुत्र्याचं नाव पण सांगून टाकतो. पीट खदाखदा हसतो. अरे, प्रत्येक पोराचा एखादा कुत्रा असतोच! कुणालाही लागू पडेल असं बोलायचं, बाकीचं समोरचा स्वतःच भरतो. आपल्याकडचे ‘घरात कुणाला तरी गुडघ्याचा त्रास आहे’ म्हणणारे महाराज आठवले ना?

आणि शिकल्यासवरल्यांचं काय घेऊन बसलात, झॅन्सिग नावाचे नवरा-बायको प्रत्यक्षात असेच कोड वापरून शो करायचे आणि शेरलॉक होम्स लिहिणारे कॉनन डॉयल त्यांना खरेखुरे मनकवडे समजत होते. म्हणून म्हणतो, पोरांना दोन्ही पिक्चर लागोपाठ दाखवा, आधी ट्रायटन आणि मग पीट.

प्रश्न: हा हिचकॉकचा पिक्चर आहे का? मित्राशी पैज लागलीय. (ठाणे)

उत्तर: पैज हरलात, जर तुम्ही हो म्हणाला असाल तर. पण अगदीच लांब नाही, कारण मूळ कादंबरी कॉर्नेल वूलरिचची आहे, आणि हिचकॉकचा ‘रिअर विंडो’ पण याच वूलरिचच्या कथेवर. कॅमेरा जॉन साइट्झचा, ज्याने ‘डबल इंडेम्निटी’ आणि ‘सनसेट बुलेवार्ड’ केले. मित्राला चहा पाजा.

प्रश्न: मग कादंबरी आधी वाचू का पिक्चर आधी बघू? (पुण्याहून एक कॉलेजकन्या)

उत्तर: पिक्चर आधी. कादंबरी १९४५ ची, वूलरिचने ती जॉर्ज हॉपली या टोपणनावाने काढली होती, आणि तिच्यात भविष्य मुलीचं नाहीच, तिच्या वडिलांचं आहे: ठरलेल्या दिवशी, मध्यरात्री, सिंहाच्या जबड्यात मरण. भविष्य सांगणारा तिथे बराचसा लांब, कोपऱ्यात राहतो, पिक्चरवाल्यांनी त्याला मधोमध आणून रॉबिन्सनला दिलं. पुस्तक जाडजूड आहे आणि सगळी घुसमट त्या बापाची, घड्याळाकडे बघत बघत हळूहळू खचत जाणाऱ्या माणसाची. आधी ते वाचलंत तर पिक्चर फार सोपा, फार गोड वाटेल आणि उगाच त्याच्यावर राग काढाल.